तिसऱ्या मजल्यावर चढलेला गुडघा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच मान तुकवतो, गोड मानून घ्या. तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही काय उत्तर द्याल ते मला पाठ आहे, आणि त्याच उत्तराने माझं वाटोळं केलं आहे. मामींच्या पाठदुखीचं काय झालं ते मात्र जरूर कळवा. त्या निदान खरं सांगतात.

मामा, मी भयंकर चिडलेलो आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अक्षर बिघडलं तर तुम्ही पेनाला दोष देणार नाही. गाद्यांच्या गोदामाला आग लागली तेव्हा जिना माझ्यासकट खाली आला, हे तुम्हाला माहीतच आहे. (जिना लाकडी होता, मी नव्हतो, हा फरक आमच्या खात्याला अजून पटलेला नाही.) गुडघ्याची वाटी फुटली. कसाबसा बाहेर येऊन पाण्याच्या गाडीला टेकलो, तेवढ्यात साहेबांनी वायरलेसवर हजेरी घेतली. आता मला अग्निशमन दलात तुम्हीच आणलंत, आणि पहिल्याच दिवशी तुम्हीच शिकवलंत, की आगीतून बाहेर आल्यावर हजेरीला ‘ठीक’ म्हणायचं. हात भाजला तरी ठीक, दात पडला तरी ठीक, कारण एकजण ‘लागलंय’ म्हणाला की दोघं त्याला उचलायला धावतात आणि आगीवर तेवढी माणसं कमी पडतात. ज्याला बोलता येत नाही तोच जखमी, हे तुमचं वाक्य. तर मी आज्ञाधारक भाचा, ‘ठीक’ म्हणालो आणि मग बेशुद्ध पडलो. खात्याने माझं बेशुद्ध पडणं कुठेच धरलं नाही, ‘ठीक’ तेवढं पक्कं धरून ठेवलं.

पुढची गंमत ऐका (मला हसू येत नाही, तुम्हाला आलं तर बघा). गुडघा निकामी म्हणून मला नोकरीतून वेळेआधी घरी बसवलं. म्हणजे गुडघा गेला हे त्यांना मान्य. मग अपंगत्वाचं पेन्शन मागितलं, तर म्हणाले, तो ड्युटीवर गेलेला नाही, ड्युटीवर तर तुम्ही ठीक होता. म्हणजे मी अखंड गुडघा घेऊन घरी आलो आणि करमत नव्हतं म्हणून तो अंगणात फोडून घेतला! खात्याचे वकील म्हणजे एक गुळगुळीत गृहस्थ आहेत, बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्याकडे बघतात, जणू अर्ज त्यानेच केला आहे. त्यांनी लेखी दिलं आहे की अर्जदाराच्या घराला पायऱ्या आहेत. आहेत ना. दोन आहेत, आणि दोन्हींवर आमच्या हिने कुंड्या मांडल्या आहेत, तिथे धडधाकट माणसालाही पाय ठेवता येत नाही.

म्हणून अपील केलं, आणि आगीतून फुफाट्यात पडलो. अपंगांची अपिलं जिथे चालतात ती कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, तिच्या दारावर ती बंद असल्याची पाटी आहे, आणि त्या पाटीला नुकताच नवा रंग दिलेला आहे. हजर राहिलो नाही तर अपील फेटाळणार, म्हणून चढलो. कसा चढलो ते सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापाशी कसली लाज. जिन्याकडे पाठ करून बसलो आणि एकेक पायरी बुडाने वर सरकत गेलो. वरून उतरणारे कारकून माझ्या पायांवरून ढेंगा टाकून गेले. वर बाकावर एक पोलीस हवालदार आडवे पडले होते, मणक्याचा दावा घेऊन आलेले. त्यांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, “अहो, चढलात कशाला? आता ते हेच धरणार.” आणि तसंच झालं. आत गेल्यागेल्या वकील उठले आणि म्हणाले, अर्जदार कोणाच्याही मदतीशिवाय तीन मजले चढून आले आहेत याची नोंद व्हावी. झाली नोंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, यालाच म्हणतात.

मग माझा तोल सुटला. काय बोललो ते लिहीत नाही, पण शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि लांबच उभा राहिला. शेवटी मी म्हणालो, आमच्या दलात मेलेला माणूससुद्धा हजेरीला ठीक म्हणेल. अध्यक्षबाईंनी (बाई सरळ वाटल्या, चष्मा काढून माझ्याकडे बघणाऱ्या त्या एकट्याच) विचारलं की असा रिवाज आहे हे शपथेवर सांगणारं कोणी आहे का. मी मागे वळून बघितलं. माझ्या तुकडीतले चौघं ऐकायला म्हणून मागाहून येऊन बसले होते, आणि चौघंही पंख्याकडे बघत होते. त्यांचा राग आला, अजून येतो. पण आम्ही दुखणी लपवतो असं जो सांगेल त्याला खातं दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं करेल आणि माझ्यासारखं घरी बसवेल, हेही मला कळतं. त्यांच्याही घरी पोरंबाळं आहेत. बाईंनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि सांगितलं की ही शेवटची. साक्षीदार मिळाला नाही तर अपील संपलं, आणि माझ्या पोरीचं शिक्षणही तिथेच अडलं.

असो. रागावलेल्या माणसाने फार लिहू नये. प्रकृतीला जपा.

तुमचा,
भाचा

ता.क. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला कोणी बोर्डापुढे नेऊ शकत नाही. तारखेला या आणि ‘ठीक’ म्हणायला मीच शिकवलं एवढं सांगा. यासाठीच पत्र लिहिलं, वरचं सगळं आपलं वाफ दवडणं.

ता.क. दुसरा. तुम्ही नाही म्हणणार, आणि का ते मला माहीत आहे. वकील तुमच्या खांद्याबद्दल विचारतील. भिंत अंगावर आली होती तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत ते मी ऐकलं आहे, मी तुमच्या शेजारीच उभा होतो.

ता.क. तिसरा. मामी, ‘डोळे ठीक आहेत’ म्हणत मामा मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळताहेत आणि पत्रं तुम्हीच त्यांना वाचून दाखवता, तेव्हा इथवरचं मोठ्याने वाचून झालं असेल. आता हे मनात वाचा. मामा शपथेवरही ठीकच म्हणतील, त्यांचा भरवसा नाही. साक्ष मला तुमची हवी आहे. त्यांना शर्ट कोण घालून देतं आणि किती वर्षं, तेवढंच त्या बाईंना सांगा. आमची दुखणी खात्याला कधी कळली नाहीत, ती घरच्या बायकांनाच कळली. तुमची पाठ आणि तो जिना, दोन्ही मला माहीत आहेत, तरी मागतो आहे. मामांना येता का म्हणून विचारत बसू नका. त्यांच्या हातावर बाही चढवा आणि निघा.