जेनिसच्या लग्नात बंद पाडलेलं गाणं

मी, इनास रुझाय आल्मेडा, वय ७३, निवृत्त इंग्रजी शिक्षक आणि 'सी ब्रीझ' या लग्नाच्या बँडचा मास्तर, राहणार धुरीवाडा, मालवण, डोकं जाग्यावर असताना, कुणाच्या दबावाला किंवा फेणीला बळी न पडता हे मृत्युपत्र करतो. हृदय अर्धंच चालतं असं डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

१. बँकेतली ठेव आणि माझी दिवंगत पत्नी मारियान हिचे दागिने मुलगी जेनिस हिला. माझं आजारपण तिनेच काढलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. बीटल्स, ॲबा, ईगल्स वगैरेंच्या माझ्या एकशे बारा तबकड्या शेजारी भिकाजी परब याला. भजनाची पेटी वाजवणारा हा माणूस चाळीस वर्षं दर रविवारी माझ्या पडवीत बसून भांडला. विषय एकच, हे जुने बँड अजून टिकले कसे? मी म्हणायचो, चाली पक्क्या, आवाज जुळलेले. बाकीचा पाचोळा काळच उडवून नेतो. तो म्हणायचा, "इनास, तू लोकांका दुसरा कायच आयकाक देणस नाय, मगे तीच टिकतली नाय तर काय!" मी त्याला चारचौघांत अडाणी म्हटलं होतं. भिकाजी, तो शब्द परत घेतो. आणि तबकड्यांना ओला फडका लावू नकोस, मेल्या. तुला साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करायची नसते, असं वकीलबाई म्हणाल्या.

३. या कलमाला मला आठ दिवस लागले. मुलगा क्लाइव्ह आमच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. २०११ साली जेनिसच्या लग्नासाठी त्याने स्वतः मालवणीत गाणं रचलं आणि मला न विचारता मांडवात सुरू केलं. पहिल्या कडव्यालाच नाचणारे खुर्च्यांवर जाऊन बसले. आमच्याकडे लग्नातला नाच मोडला की बँडमास्तरची अब्रू गेली. मी त्याच्या माइकचा प्लग उपटला. तो तरीही दोन ओळी तसाच गात राहिला. मग मी माझ्या माइकवर म्हणालो, "सॉरी हां, आता खरी गाणी." लोक हसले. ॲबा वाजवलं, सगळा मांडव नाचला.

त्याच आठवड्यात क्लाइव्ह दुबईला गेला. २०१६ साली आईच्या मातीला आला, खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला. मी म्हटलं, "जेवून जा." म्हणाला, "नको, डॅडी." एवढंच बोलणं झालं.

४. गेल्या मे महिन्यात मी न कळवता जेनिसकडे मिठबावला गेलो. मागीलदारी जेनिस बांगडे साफ करत होती, आठ वर्षांची नात बाजूला बसली होती, आणि दोघी क्लाइव्हचं ते गाणं म्हणत होत्या. सगळी कडवी, पाठ. मी उंबऱ्यात पाय टाकला आणि दोघी गप्प झाल्या. म्हणजे पोरीलाही शिकवून ठेवलं होतं, आजोबा आले की हे म्हणायचं नाही. तेरा वर्षं ते गाणं माझ्यापासून लपून जगलं. मला रडू आलं. बांगडे काय भावाने मिळाले, असं काहीतरी विचारून मी वेळ मारून नेली. जेनिसने दर सांगितला.

सबब, माझं मयत घरात असेल तेव्हा बँडने काही वाजवू नये. जेनिसने आणि नातीने ते गाणं पूर्ण म्हणावं. मी घरात आहे म्हणून थांबू नये.

५. राहतं घर, मागचे अकरा माड आणि माझ्या दोन्ही गिटारी मुलगा क्लाइव्ह याला. ठेव, वीक, भाड्याने दे. कुणी आड येऊ नये.

खाडाखोडीबाबत खुलासा: कलम ५ मध्ये "तो माझ्या मातीला हजर राहिल्यास" असे शब्द टाइप झाले होते. ती वकीलबाईंची चूक नव्हे, मीच सांगितले होते. ते आज मी माझ्या हाताने खोडले असून बाजूला सही केली आहे. पुता, येवक जमला नाय तरी घर तुझाच.

सही: इ. रु. आल्मेडा

आमच्यासमोर त्यांनी शब्द खोडले व सही केली:
१. डॉ. दिव्या सामंत (सही)
२. जितेंद्र केळुसकर (सही)

मालवण, दि. १४ ऑक्टोबर २०२४