एकाच्या जागी दहा

३ तारीख, मंगळवार
सासऱ्यांचा जुना ॲम्प्लिफायर बंद पडला. आतला एक जाडा रेझिस्टर जळून कोळसा. मेहुण्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तो फोनवर म्हणाला, तसाच एक नवा टाका, दहा मिनिटांचं काम. दुकानदारी विचार! एकट्यावर सगळा भार टाकला म्हणून तर तो जळला. मी शंभर ओहमचा एक काढून हजार ओहमचे दहा छोटे शेजारी शेजारी जोडणार. गणित तेच, भार दहा जणांत, आवाज स्वच्छ.
रविवारी सासऱ्यांचा वाढदिवस. ते गेल्यावरचा पहिला. त्यांच्या गाण्याची टेप हिला याच ॲम्प्लिफायरवर ऐकायची आहे. शब्द दिला.

५ तारीख, गुरुवार
शंभर रेझिस्टर मीटरवर मोजून दहा निवडले. चार तास. हिने विचारलं, जोडणार कधी? म्हटलं, निवड हेच खरं काम.

६ तारीख, शुक्रवार
रजा टाकली. वीस सांधे सोल्डर केले. एवढा घोस पेटीत मावेना. झाकण उघडंच ठेवायचं ठरवलं. हवा खेळेल.
दुपारी १.०० आवाज आला!!
१.०५ खरखर.
१.१० वास. सोल्डर हलक्या प्रतीचं.
१.१५ पूर्ण शांतता.
हिने विचारलं, दादाला बोलावू का? म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? ही गप्प. म्हणजे आहे.

७ तारीख, शनिवार
ऑफिसातून आलो तर ॲम्प्लिफायर चालू! ही म्हणाली, लावून बघितला, लागला. सांधे थंड होऊन आपोआप बसले असणार. झाकणही लागलंय. हिने नीट दाबलं असेल. आणि आवाज! एकट्या रेझिस्टरला बापजन्मी जमणार नाही.

८ तारीख, रविवार
टेप लावली. सासरे गाता गाता खोकले आणि थांबा जरा म्हणाले, तेव्हा हिचे डोळे भरले. माझेही. मग सगळ्यांना समोर बसवून अर्धा तास दहा रेझिस्टरांचं तत्त्व समजावलं. सासूबाईंनी मान डोलावली. मेहुणा हो भाऊजी, हो भाऊजी म्हणत होता. मुलगी तोंडावर हात धरून आत पळाली. आजोबांची लाडकी ना.

९ तारीख, सोमवार
ऑफिसात दाखवायला दहा जणांचा फोटो काढावा म्हणून झाकण उघडलं. आत एक रेझिस्टर. जाडा. नवा. एकटा.
माझे दहा जण मुलीच्या पेन्सिलच्या डब्यात सापडले, अजून एकमेकांना चिकटून.
हिला विचारलं. शनिवारी मेहुणा येऊन गेला. दहा मिनिटं लागली. सासूबाईंना माहीत, मुलीलाही माहीत. तुमचा हिरमोड नको म्हणून बोललो नाही, म्हणे. दगा! घरच्या माणसांनी! काल मी अर्धा तास बोलत होतो आणि ही चौघं ऐकत होती. मेहुण्याने तर दोन शंकाही विचारल्या. आणि माझे कान? तेही त्यांनाच सामील. फार लागलं मनाला.

संध्याकाळी
विचार केला. एवढं हसू दाबणं एकट्याला झेपलंच नसतं. चौघांनी वाटून घेतलं म्हणून निभावलं. मुलगी तेवढी कच्चा सांधा निघाली. म्हणजे तत्त्व माझंच बरोबर होतं!
हे हिला ठणकावून सांगायला गेलो. ही एकटीच टेप लावून बसली होती. मी तोंड उघडलं आणि सासरे खोकले. थांबा जरा, म्हणाले.
थांबलो.