दाढेचं काय, राहील आपोआप

३ जून, सकाळी ७
खालची डावी दाढ जरा कुरकुर करतेय. राहील आपोआप. आजपासून उजवीकडून चावायचं. ब्रश त्या बाजूला न्यायचाच नाही. केस टोचतात, पेस्टची आग होते. हल्लीचा मालच हलका.

९ जून
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, बोलणं असं बोबडं का येतंय, तोंडात काय आहे? म्हटलं, जीभ. हसली नाही. डेंटिस्टकडे जा म्हणाली. अगं, तीस वर्षं लोकांच्या भिंतींना ड्रिलनं भोकं पाडली, मला ड्रिलची भीती? फक्त बिट घसरली की काय होतं ते मला माहीत आहे. त्याला माहिती म्हणतात, भीती नव्हे.

१७ जून
क्लिनिकपर्यंत चालत गेलो. दार उघडलं. रबरी हातमोज्यांचा वास, आत मशीन किंचाळतंय. बुटाची लेस बांधायला बाहेर आलो. पायात चपला होत्या हे घरी आल्यावर कळलं.
पूर्वी ही असायची. घाबरायची बिचारी, म्हणून मीच तिला सोबत न्यायचो. माझ्या दाताला. खुर्चीपाशी उभी राहून माझ्या पायाचा अंगठा दाबून धरायची.

२४ जून
जुन्या पार्टनरनं जेवायला बोलावलं. वायरमन, वीस वर्षं एका शिडीवर काढली. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. त्याच्यासमोर कालवून, मऊ करून खायचं? वर्षभर दात काढेल. म्हणाला, तिसऱ्यांदा पोट बिघडलं रे तुझं, येऊच नकोस. फोन ठेवला. ठेवू दे.

१ जुलै, दुपारी १
पक्का प्लॅन केला. कामावरचे ते आवाज बंद करायचे मोठे हेडफोन लावून गेलो. झकास! काही म्हणजे काही ऐकू नाही. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. डोळ्यात दिवा मारून बराच वेळ बोलत होत्या. मी मान डोलावली. शेवटी ओठांवरून 'काढू का?' एवढं कळलं. म्हटलं, अजिबात नाही, कानावरच राहू दे! त्यांनी दिवा बंद केला, काहीतरी बोलत गोळ्या लिहिल्या. मी पुन्हा मान डोलावली. मशीन लावलंच नाही. म्हणजे दाढ ठणठणीत आहे. लोक उगाच बाऊ करतात.

४ जुलै
ठणका गेला. उरलेल्या गोळ्या बंद. उद्या पार्टनरला फोन करायचा.

५ जुलै
त्यानं करावा.

१२ जुलै
गाल सुजला. बहुतेक उशी कडक आहे.
डॉक्टरीणबाईंचा फोन. काका, आला नाहीत? म्हटलं, कशाला? म्हणाल्या, दाढ काढू का विचारलं तर नको म्हणालात. मग वाचवायची तर आठवड्यात या म्हटलं, तेव्हा मान डोलावलीत की!
परवा बोलावलंय. सोबत कुणीतरी आणा म्हणाल्या. मुलीला फोन केला. बाबा, मीटिंगमध्ये आहे, काही अर्जंट? म्हटलं, छे. पार्टनरला तर केलाच नाही.

१४ जुलै, संध्याकाळी
दाढ गेली. वाचण्यातली राहिली नव्हती.
खुर्चीत बसल्यावर बाईंनी विचारलं, काका, सोबत कोण आलंय? म्हटलं, पार्टनर, खाली गाडी लावतोय. येऊ दे, म्हणाल्या, थांबू आपण. त्या थांबल्या, नर्स थांबली. मीही थांबलो. दोनदा दाराकडे बघितलं. पंधरा मिनिटांनी मीच म्हटलं, करा सुरू, त्याला जागा मिळालेली दिसत नाही.