मुंगळ्याचं भाषण

३ मार्च
लेक बाल्कनीतल्या कुंडीत मेलेले किडे पुरते. आजवर आम्ही ओरडायचो. आज कान देऊन ऐकलं, तर चक्क भाषण चालू! "हा मुंगळा सारखा घाईत असायचा. घरी काहीतरी सांगायचं राहिलंच असेल." आठ वर्षांची पोर. अंगावर काटा आला. मुलांचा वेगळा कल ओळखा, असं मासिकात वाचलं होतंच. ओळखला. बहुतेक बापांना जमत नाही.

५ मार्च
नुसतं ओळखून भागत नाही. ट्रेनिंग सुरू. ताठ उभं राहणं, हातवारे, आवाजात चढउतार. म्हणाली, माशीला एवढं मोठ्याने बोललेलं आवडत नाही. लाजते जरा. सुटेल सवय.

८ मार्च
माशीचं भाषण मीच लिहून दिलं. तीन सुविचार घातले. घडाघडा पाठ केलंन, पण कुंडीपाशी गप्प. बायको म्हणते, तिचं तिला करू दे की. बायकोला व्हिजन नाही.

११ मार्च, सकाळ
संध्याकाळी साहेब मिसेसना घेऊन चहाला येताहेत. ऑफिसात मी आधीच थोडी हवा केलीय. अडचण एकच. घरात मेलेलं काही नाही. बायकोला कालच घर झाडायची हौस आली.

पाहुणे गेल्यावर
लेक उभी राहिली, साहेब सरसावून बसले, आणि किडा नाही. प्रोग्रॅमचा पार विचका होणार, तेवढ्यात भिंतीवर नाकतोडा दिसला. प्रसंगावधान राखून चप्पल काढली. एका फटक्यात काम. तिच्या ओंजळीत ठेवून म्हटलं, हं, कर सुरू. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओंजळ घट्ट मिटली. स्टेजची भीती, दुसरं काय!

१२ मार्च
बायको सांगते, रात्री लेक ओंजळ सोडायलाच तयार नव्हती. तशीच झोपली.

१५ मार्च
माझ्याशी बोलत नाही. मॅच्युअर होतेय.

२२ मार्च
खिडकीत मेलेली पाकोळी सापडली, लहानसं फुलपाखरूच. आपली आपण मेलेली. लेकीला तसं शपथेवर सांगितलं. ताठ उभी राहू नकोस म्हटलं, हातवारे नकोत, तुला हवं ते बोल.

तिने विचारलं, "काय बोलायचं ते लिहून दिलंस का, बाबा?"

नाही म्हटलं. मग तिने झाडू आणला, पाकोळी सुपलीत भरली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

ती खेळायला गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. अजून बसलोय. पाकोळीबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नाही.