सुईनंतरचा अर्धा तास

अक्का,

सूनबाईने काल सांगून टाकलं की नातीला यापुढची सुई द्यायची नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. भाकरी थापता थापता बोलली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. "आई, तू एवढी वर्षं हेच काम केलंस ना? तूच समजाव हिला." त्यावर ती म्हणाली, "आई काय सांगतील? त्या पहिल्यापासून सुईच्याच बाजूच्या." मला हसू आलं आणि लागलंही. नातीला नऊ महिने पूर्ण होऊन गेले आहेत, गोवराची सुई राहिली आहे. आशाताई दोनदा दारावरून परत गेली. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. तुम्ही जिथे नर्स होतात ते पारोळ्याच्या पुढचं उपकेंद्र आता पक्कं झालं आहे म्हणतात, मी काही पाहिलं नाही. हे गेल्यानंतर मी गाव सोडलं आणि जळगावला, मेहरूणला मुलाकडे आले. दुपारी घर शांत असतं. मी वाचनालयातून पुस्तक आणते आणि खिडकीशी बसते. शाळा माझी चौथीतच सुटली होती. जोडाक्षरं मी तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर शिकले, घटसर्प आणि धनुर्वात या शब्दांवर. तुम्ही थंड डबा उघडून लशी तपासायचात आणि मी मागे उभी राहून ओठ हलवत वाचायचे. एकदा तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मोठ्याने वाच, मलाही ऐकू दे." कुणी मला वाच म्हणून सांगण्याची ती पहिलीच वेळ.

मी अंगणवाडीची मदतनीस. सुईच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, माझं काम घराघरातून बायांना बोलावून आणायचं आणि लेकराचे पाय धरायचे. सकाळी निघाले की हे ओट्यावरून म्हणायचे, "निघाली का पाय धरायला? माझे कधी धरले नाहीस, गावभरच्या लेकरांचे धरतेस." घरात ते वाक्य आता कुणी म्हणत नाही. मंगळवारी सकाळी अजून मला ते ऐकू येतं, आणि मग चहा एक कप जास्त होतो.

तुम्ही मला एकदाच बोललात, पण ते बोलणं जन्मभर पुरलं. सव्वा महिना संपवून एक ओली बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. आपल्याकडे ती तुमचीच रीत होऊन गेली होती, सव्वा महिन्यानंतर बाळाचं पहिलं जाणं देवाला आणि तिथून थेट तुमच्याकडे. त्या पोरीने विचारलं, काही होणार नाही ना? मी पटकन म्हणाले, "काही होत नाही गं, मुंगी चावल्यासारखं." तुम्ही तिच्यासमोर मला काही बोलला नाहीत. तिला ताप येईल, बाळ किरकिर करेल, अंगावर पाजत राहा, असं सगळं सांगितलंत आणि अर्धा तास बसवून ठेवलंत. संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर मात्र थांबलात. "काही होत नाही, हे पुन्हा म्हणायचं नाही. ताप येतो हे तुला माहीत आहे. घरी गेल्यावर बाळ तापलं की तिला वाटेल आपण फसलो. मग पुढच्या वेळी ती दार उघडणार नाही, आणि तिचं काही चुकणार नाही." एवढंच. मग मला विचारलंत, घरी आज भाजी काय.

मला खरं तर त्या म्हातारीचं लिहायचं होतं. एका घरातल्या नातवाची मांडी सुईनंतर सुजून लालभडक झाली आणि गावात बोंब उठली. पुढच्या खेपेला एकही बाई लेकरू घेऊन आली नाही. मांडी सुजलेल्या त्या लेकराच्या बापाने तर निरोप पाठवला होता की नर्स दिसली तर तिचा डबा नदीत टाकतो. मी म्हणाले, आज त्या गल्लीत नको. तुम्ही आधी तिथेच गेलात. म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन दारातच बसलेली. तुम्हाला पाहून ओरडली, "ये, ये नर्सबाई! देख, तुनी सुईना परताप!"

मला वाटलं तुम्ही आता सुईची बाजू घ्याल. तुम्ही खाली बसलात, मांडीला हात न लावता नुसती पाहिलीत आणि म्हणालात, "हो, लेकराले लई दुखी राहिनं." म्हातारीला भांडायचं होतं, तिला समोर कुणी सापडेना. मग तुम्ही हळूच विचारलंत, "आंघोय कोन घालस?"

"मीच घालस. दुसरं कोन शे घरमा?"

"पायले तेल लावस का?"

"लावस ना! गाठ जिराले नको का? सकाय-संध्याकाय दाबी दाबी चोळस. वर शेकस बी." हे ती अभिमानाने सांगत होती. आपल्याकडे बाळाचं अंग चोळणारी म्हातारी म्हणजे घरातली वैद्यच. तिच्या हाताला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. दाराआड बाळाची आई उभी होती. सुईची जागा चोळू नको, हे तुम्ही तिला सांगितलेलं तिला आठवत होतं, हे तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. पण सासूला ती कशी शिकवणार? ती तोंड मिटून रोज पाहत राहिली होती.

अक्का, तुम्ही त्या वेळी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर तिचं त्या घरात काय झालं असतं, हे तुम्हाला कळत होतं. म्हातारीलाही तुझ्यामुळे झालं असं म्हणाला नाहीत. "तुले कोनी सांगं नही," एवढं म्हणालात, "ती मनी चूक शे." चूक अशी स्वतःवर घेतलीत. मग आजीला आणि नातवाला घेऊन पारोळ्याच्या दवाखान्यात गेलात, पू काढेपर्यंत तिथेच थांबलात. बाप डबा नदीत टाकायला निघाला होता, त्याच्याच हातात तुम्ही तो डबा दिलात, सावलीत धरून ठेव म्हणून. तो बिचारा दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली डबा सांभाळत उभा होता. परतताना म्हातारी म्हणाली, "नर्सबाई, तुना हात कडू शे, पन जीभ गोड शे." तुम्ही म्हणालात, "मग घर चाल, चहा पाज. तो बी गोडच कर."

त्यानंतर सुई देण्याआधी प्रत्येक बाईला तुम्ही हाच प्रश्न विचारायचात, आंघोळ कोण घालतं? जी घालत असेल तिला मी जाऊन घेऊन यायचे. कुणाची आजी, कुणाची आत्या, एकदा तर शेजारीण. पहिल्यांदा बसायला खुर्ची त्यांना मिळायची. मला पुष्कळ दिवस वाटत होतं की तुम्ही हे हुशारीने करता. आता वाटतं, तुम्हाला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं.

हे लिहून पेन ठेवलं त्याला काही दिवस झाले. पुढचं आज लिहिते आहे.

इथे नातीला आंघोळ सूनबाईच घालते, टबात, मोबाइलमधल्या बाईचं ऐकून. मला चोळायला देत नाही, ते बरंच आहे. मी तिला काही समजावलं नाही. मेथी निवडायला बसलो होतो, तेव्हा विचारलं, "धुळ्याला त्या दिवशी काय झालं होतं गं?"

तिच्या धुळ्याच्या बहिणीच्या मुलाला दीड वर्षाच्या सुईनंतर ताप चढून झटका आला होता, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. मुलगा आता ठणठणीत आहे, शाळेत जातो, म्हणून तो विषय संपला असं आम्ही धरून चाललो होतो. ती मेथीकडे बघत म्हणाली, "आई, तो माझ्या मांडीवर होता. ताई आत गॅसवर दूध ठेवत होती, तिने पाहिलंच नाही. त्याचे डोळे वर गेले, हात असे आखडले. मला वाटलं, गेला. मी त्याला घेऊन रस्त्यावर पळाले, पायात चप्पल नव्हती. ताई म्हणते, विसर आता." हे तिने आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मग ती म्हणाली, "आपल्या पोरीला असं होणार नाही, एवढं तुम्ही सांगा. मी आत्ता तयार होते."

अक्का, एका शब्दाचं काम होतं. नातीचं भलंच होणार होतं. मी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाले, "तसं वचन मला देता येणार नाही. या सुईचा ताप लगेच नाही, आठवड्याभराने येतो कधी, बारीक पुरळही उठतं. झटका फार क्वचित. आलाच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि दवाखाना गाठायचा. त्या दिवशी तुला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. धुळ्याची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगू, त्यांना पटलं तरच सुई." मग गोवर शिरलेल्या एका घराचं तिला सांगितलं. दाराला कडुनिंबाचा डहाळा, आत छाती भरून आलेलं लेकरू, आणि आपण दोघी पोहोचायला झालेला उशीर. ते सगळं इथे लिहीत नाही, तुम्ही तिथे होतात. ती मेथी उचलून आत गेली. मला वाटलं, खरं बोलून मी नातीची सुई घालवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने नातीला झबलं घालताना विचारलं, "सुई आजच असते ना?"

काल झालं. दवाखान्यातली नर्स कोवळी पोरगी आहे. सूनबाईने तिला धुळ्याचं सगळं सांगितलं. तिने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग सुई दिली. नात रडली आणि आईच्या कुशीत गप्प झाली. अर्धा तास बसा, असं नर्स म्हणाली. सूनबाई बाकावर निवांत बसली होती. मला मात्र बसवेना. शेवटी तीच म्हणाली, "आई, किती येरझाऱ्या घालता? बसा ना."

आज नात भांडी वाजवते आहे. ताप यायचा असेल तर अजून यायचा आहे, दिवस आम्ही दोघी मोजतो आहोत. या कागदाला पाकीट लागणार नाही, घडी करून पुस्तकात ठेवेन आणि पुस्तक परत करताना काढून घेईन. पण एक सांगून टाकते. काल त्या अर्ध्या तासात नर्स जवळून गेली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि विचारलं, "काही होणार नाही ना गं पोरी?" ती म्हणाली, "काही नाही होत, आजी." ते तसं म्हणायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी अक्का, मला इतकं बरं वाटलं.