पहिली वाटी

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? ताईकडे करमतं ना? फोन केला की प्रत्येक वेळी तुझा कुकर लागलेला असतो. "बरंय सगळं, ठेव आता" यापलीकडे तू काही बोलत नाहीस. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाचताना कुकर झाला तरी चालतो.

इकडे सगळे ठीक. बाबांची कंबर आणि त्यावरचं आईचं बोलणं, दोन्ही नेहमीप्रमाणे सुरू आहे. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राला बाबांनी चौकट करून घेतली आणि ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं. आलेल्या माणसाला आधी ते वाचावं लागतं, मग पाणी मिळतं. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून मला लाज वाटते आणि आवडतंही.

मुख्य बातमी म्हणजे मला काम मिळालं. केळ्यांच्या वखारीतल्या बायकांनी मिळून एक गट काढला आहे. डाग पडलेली, घडातून सुटलेली केळी रोज पोत्यांनी फेकली जायची, त्यांची ब्रँडी करायची. घरगुती ब्रँडीला आता रीतसर परवाना मिळतो. अर्जात पदवीधर व्यक्तीच्या नावाचा रकाना होता, त्यात माझं नाव आहे. मी वनस्पतिशास्त्राची, पण रकान्याने विषय विचारला नाही. आत्या, मला हे काम फार मोलाचं वाटतं. फेकायच्या फळातून आठ घरं चालणार आहेत, आणि तेही चोरून नाही, उजेडात.

पहिल्या दोन खेपा मात्र बिघडल्या. काय केलं ते सांगते. साल काळी पडलेली केळी सोलून लाकडी दांड्याने चेचली, कोमट पाणी आणि यीस्ट घातलं, पिंपावर फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी कान लावला तर पिंप बुडबुडत होतं, अगदी तुझ्याकडचं बुडबुडायचं तसं. नवव्या दिवशी गप्प झालं. गाळून तांब्याच्या भांड्यात ओतलं, झाकण कणकेने लिंपलं, नळी थंड पाण्याच्या बादलीतून बाहेर काढली. धार बारीक आणि नितळ आली. सुरुवातीचे चार चमचे टाकावेत असं पुस्तकात आहे, म्हणून मी मोजून चार टाकले. तेवढ्यावरच वखारीची मुकादमीण ओरडली, "अगं, पहिल्या धारेची टाकतेस? लोक तिच्यासाठी रांग लावतात!"

तरीही चव घेणाऱ्या तिघींची डोकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धरली होती. वजनकाट्यावर बसणारी म्हणाली, "नवरा आठवडाभर सुट्टी घेऊन घरी बसल्यासारखं ठणकतंय." दुसऱ्या खेपेला मी आच वाढवून पाहिली. मग ठणका आणि शिवाय ओल्या पुठ्ठ्याचा वास.

तेव्हा मुकादमिणीने माझी वही मिटली आणि म्हणाली, "तुझ्या आत्याची आम्ही पाच वर्षं घेतली. सर्दीला घेतली, थकल्यावर घेतली. एकीचंही डोकं कधी दुखलं नाही. वहीला काय विचारतेस, तिला विचार की!"

म्हणून विचारते आहे. आमचं कुठे चुकतं?

दोन वर्षांपूर्वी जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुलाही आवडणार नाही. घरातही फक्त एवढंच बोलतात की तुझं भांडं नेऊन चेपलं आणि तू ताईकडे राहायला गेलीस. ज्याने कुणी तक्रार केली त्याने काही विचार करूनच केली असेल, असं मी एकदा जेवताना म्हणाले, तर बाबा ताटावरून उठले. जाऊ दे.

लवकर लिही. पेन्सिलने लिहिलंस तरी मला तुझं अक्षर लागतं.

तुझी भाची


९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं आणि त्याच आठवड्यात आम्ही तिसरी खेप लावली. निकाल आधी सांगते, कारण तू शेवटचं पान आधी वाचणारी आहेस. उत्तम झाली! तिघींनी संध्याकाळी चव घेतली आणि सकाळी तिघी वेळेवर कामावर आल्या. काटेवाली म्हणाली, "नवरा कामावर गेला एकदाचा."

तुझं पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "शहाणे, चार चमचे काय टाकतेस, डोळ्यात औषध घालतेस का? एका भांड्याला जेवणातली एक वाटी, काठोकाठ. पहिली वाटी थेट मोरीत. बापाने मागितली तरी द्यायची नाही. तुझ्या बापाने मागितली होती, विचार त्याला. मग धार तळहातावर घे, चोळ, हुंग. नाकात टोचली तर थांब. केळ्याचा वास आला की बाटली लाव. पुठ्ठ्याचा वास आला की बंद कर, हावरेपणा करू नको. आणि आच वाढवलीस ती का? चुलीपाठी लागलं की चूल आपल्यापाठी लागते." बायका इतक्या हसल्या की केळी सोलायची थांबली.

"पहिली वाटी थेट मोरीत." ही ओळ मी आधी उभ्याने वाचली होती, मग बसून वाचली. पुस्तकातले चार चमचे काचेच्या चंबूचे होते, आपलं भांडं घागरीएवढं, हे मला कळायला हवं होतं. तू हे पहिल्यापासून करत होतीस का? म्हणजे अगदी आपल्या घरी भांडं होतं तेव्हाही? सहज विचारते.

मुकादमिणीचं म्हणणं आहे की आता तूच इथे यावंस. गटाने बैठकीत ठरवलंसुद्धा. धार बघायला तू, वही लिहायला मी. मोरीजवळची हवेशीर खोली तुझ्यासाठी रिकामी करतील. पण परवान्याच्या कार्यालयात चौकशी केली तर कारकून म्हणाला की तुझं नाव बंदीच्या यादीत आहे. तुझ्या फाइलवर "विषारी द्रव्य आढळले" असा शेरा आहे.

तू पत्राच्या शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर मला नीट देता येत नाही. तू लिहिलंस, "माझ्या भांड्यात विष निघालं म्हणतात. त्या दिवसापासून मी धार लावली नाही. कुणाला पाजलं असेल का मी, या विचाराने डोळा लागत नाही. केळी कुजकी होती का, भांड्याला हिरवा कळंक चढला होता का, माझ्या हातून काय झालं? तू शिकलेली आहेस, शोधून सांग."

बघते. जुने कागद मागवावे लागतील. वेळ लागेल.

आई हाक मारते आहे. थांबते.

तुझी भाची


१४ मार्च

आत्या,

पाच दिवसांपूर्वी मी लिहिलं की जुने कागद मागवावे लागतील. ते खोटं होतं. त्या फाइलमध्ये काय आहे ते मला तोंडपाठ आहे, कारण ते मी लिहिलं आहे.

आईने हाकही मारली नव्हती.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. रसायनशास्त्र तेव्हा जोडविषय होता; त्या तासाला सरांनी दारूतल्या विषाबद्दल शिकवलं. एका गावात एका रात्रीत अकरा माणसं आंधळी झाली, असं ते म्हणाले. मी घरी आले तर तू मोरीशी बसून भांडं लावलं होतंस आणि मुकादमिणीला सांगत होतीस, "माझी भाची रसायनं शिकते. उद्या मलाच शिकवेल." मी तिथून आत गेले. मला तुझी लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. कुणीतरी मरेल आणि आपल्याला माहीत असून आपण गप्प बसलो असं होईल, अशी ती भीती होती. ती भीती खरी होती, आत्या, एवढं माझ्या बाजूने धर. बाकी काही धरू नकोस.

कठड्यावर एक वाटी होती, वर बशी झाकलेली. पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यांत भारी, असंच सगळे म्हणतात. मला वाटलं, ती तू खास गिऱ्हाइकांसाठी बाजूला काढून ठेवली आहेस. मुकादमीण गेल्यावर तू पाठ वळवून चुलीत सरपण सारत होतीस तेव्हा मी त्यातली औषधाच्या बाटलीत भरून घेतली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाचणी केली. नळीत आतून काचेला चांदीचा थर धरतो, तशी ती चाचणी असते. थर धरला. लख्ख. नको ती द्रव्यं आहेत याची खूण. मी उरलेली बाटली कागदात गुंडाळली, "भट्टीतून घेतलेला नमुना" असं वर लिहिलं आणि एका जागरूक नागरिकाचं पत्र जोडून कार्यालयात पाठवली. नाव घातलं नाही. त्यांनी येऊन सगळं ओतून दिलं, भांडं चेपलं, दुसरा नमुना कुणी घेतलाच नाही. तुझी सगळी फाइल माझ्या त्या एका बाटलीवर उभी आहे.

पहिला भाग टाकायचा असतो हे मी पुढच्या वर्षी पुस्तकात वाचलं. तेव्हा मनात काहीतरी टोचलं होतं. पण आत्याला हे कुठून माहीत असणार, असं म्हणून मी पान उलटलं. पुस्तकात असलेली गोष्ट तुला पुस्तकाशिवाय माहीत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चोरलेल्या बाटलीपेक्षा मला याची जास्त शरम वाटते.

परवा बाबांना विचारलं, पहिली वाटी तुम्ही मागितली होती का. ते हसले. म्हणाले, "एकदा नाही, दहादा. धार सोडून उठायचं नाही म्हणून ती वाटी झाकून ठेवायची आणि काम आटोपलं की मोरीत ओतायची. मी हात पुढे केला तर म्हणाली, सांडशीने बोटं चेपीन." मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते कंबर धरून उठले. मग एवढंच म्हणाले, "मला नको सांगूस. तिला सांग."

म्हणून आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. केळी कुजकी नव्हती. भांड्याला कळंक चढला नव्हता. तुझ्या हातून काहीही झालं नाही. तू कुणालाही विष पाजलं नाहीस. जे विष निघालं ते तू काढून टाकलेलं होतं, आणि तू काढून टाकत होतीस म्हणूनच पाच वर्षांत कुणाचं डोकं दुखलं नाही. मी कचऱ्याची टोपली तपासली आणि स्वयंपाक वाईट आहे असं लिहून दिलं.

काल कार्यालयात जाऊन हे सगळं लेखी दिलं. साहेबांनी चष्मा काढला. "बाई, नमुना चुकीचा होता असं तुम्ही स्वतः लिहून देताय. परवान्यावर पदवीधर म्हणून तुमचंच नाव आहे. हे तुमच्या नावामागे लागेल." मी म्हटलं, "लागू दे. तिच्या नावामागचं काढा." ते म्हणाले, तसं निघत नाही, सुनावणी घ्यावी लागते. गुरुवारी अकरा वाजता आहे. मी, बाबा आणि मुकादमीण जाणार आहोत.

मुकादमिणीलाही सांगितलं. ती सोलत होती ते केळं तिने पूर्ण सोललं, मग पुढचं घेतलं. चौथ्या केळ्याला म्हणाली, "तिची चूल विझवलीस आणि आमच्या चुलीशी येऊन बसलीस." मी सालं गोळा करू लागले. "गुरुवारी मी येईन," ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही." सध्या धारेजवळ मला बसू देत नाहीत. मी केळी सोलते. गटाने मला ठेवायचं की नाही ते सुनावणीनंतर ठरेल. मला ते बरोबर वाटतं.

तू गुरुवारी यायला हवंस असं नाही. तुझ्या वतीने बोलायला आम्ही पुरे आहोत. माफ कर असंही लिहीत नाही, ते मागायचं तर तुझ्या दारात उभं राहून मागेन, आणि तू दार लावलंस तर परत येईन. फक्त एवढं कर. हे पत्र मिळेल त्या दिवसापासून नीट झोप.

कार्यालयातल्या कागदावर या वेळी पूर्ण नाव लिहिलं आहे. इथे मात्र, तू अजून मानत असलीस तर,

तुझी भाची,
तुझी तक्रारदार