बाबांची चाल

३ नोव्हेंबर २००२, रविवार
यमन वाजवणार नाही. ठरलं.
सुनेत्राताईंना आज तोंडावर सांगून आले. सोळा वर्षं त्यांच्याकडे संतूर शिकतेय, पहिल्यांदाच नाही म्हटलं. संगीत मंडळाच्या जानेवारीतल्या कार्यक्रमात मला पाऊण तास मिळालाय. एकटीला! ताईंचं म्हणणं, ओळखीचा राग घे, हात बसलेला आहे. तेच तर — हात बसला की कान झोपतो. चारुकेशी घेते म्हटलं. आणि शेवटी एक धून. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर
धून बाबांची. भातलावणीच्या गाण्याच्या वळणाची चाल. मुंबईला गोदीत नोकरीला असताना बाबा ती त्यांच्या गायनपार्टीत गायचे, शब्द बाबासाहेबांवरचे. संगमेश्वरापासून दाभोळपर्यंत आमच्या वाड्यांमधून लोक तिला ‘भिकू जाधवांची चाल’ म्हणूनच ओळखतात.
बाबांना सांगितलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, कशाला ती जुनी, दुसरं काहीतरी वाजव. लाजतात! आई भाजी निवडत होती.

१७ नोव्हेंबर
अडलं.
संतूरवर सूर ओढता येत नाही. काडी तारेवर पडली की सूर सुटला, संपलं. आणि या चालीचा जीवच ओढण्यात आहे. गंधारावरून खाली येताना सूर वाकतो, चिखलातून पाय काढावा तसा. ताईंना पहिल्यांदा ऐकवली. त्या म्हणाल्या, “करुणा, ही गळ्याची चीज आहे. हाताची नव्हे.” हात काय करू शकतो ते दाखवतेच.

१८ नोव्हेंबर
शाळा. सहावी ‘ब’ला दशांश अपूर्णांक शिकवले. घरी आल्यावर दोन तास गंधार. काही नाही.

१ डिसेंबर
सापडलं!
काडी मारायची नाही. तारेवर टेकवायची आणि थरथरत, घसरवत न्यायची, हाताचं वजन हळूहळू कमी करत. आज सकाळी साठ वेळा केलं. चाळीस वेळा फसलं, वीस वेळा सूर वाकला. वीस पुष्कळ झाले.
खारी हवा तारांना गंज आणते. रोज मऊ कापडाने पुसतेय, तरी चार तारा बदलाव्या लागल्या. सूर लावण्यातच तास जातो. जाऊ दे.

१५ डिसेंबर
उन्मेष तबला घेऊन आला. चारुकेशी मस्त जमली, मध्यलयीत तर मीच त्याला पळवलं. धुनेपाशी मात्र तो थांबला. दुसऱ्या ओळीनंतर चाल अर्धी मात्रा जास्त घेते. दादरा तालात बसवायला ती काढून टाकू म्हणाला. बाबांची जुनी कॅसेट लावली — बाबाही तिथे थांबतात, दर वेळी, न चुकता. उन्मेषला म्हटलं, तूच थांब. मात्रा जाणार नाही.

३ जानेवारी २००३
ताईंनी आज सगळं डोळे मिटून ऐकलं. धून संपल्यावर म्हणाल्या, मी चुकले होते. सोळा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा. घरी येताना मारुती मंदिरापासून चालतच आले. रिक्षा घ्यायचं सुचलंच नाही.

११ जानेवारी, शनिवार
झालं. आणि जसं हवं होतं तसंच झालं.
चारुकेशीला दाद चांगली मिळाली. मग माइक घेतला आणि सांगितलं की पुढची चाल माझ्या वडिलांची, भिकू जाधव यांची, ते इथे बसलेत. सगळ्यांनी वळून टाळ्या वाजवल्या. बाबा अर्धवट उठले, हात जोडले, खाली बसले. शेजारी आई नव्या लुगड्यात. तीही टाळ्या वाजवत होती.
धून वाजली. सूर वाकला, प्रत्येक वेळी. मंडळाच्या लोकांनी आत येऊन विचारलं, वडिलांच्या आणखी चाली आहेत का? मी म्हटलं, विचारते.

१२ जानेवारी
सकाळी बाबांपुढचा चहा निवून गेला. आई पाण्याला खाली गेली होती. मी मंडळाचा निरोप सांगितला. त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, “बाय, ती चाल माजी न्हाय. तुज्या आयशीची हाय.”
लग्नानंतर पहिल्या दोन पावसाळ्यांत आईने भातलावणीच्या वेळी, शेतात उभ्याउभ्या केली. बाबा सुटीवर आले होते. ऐकली, मुंबईला नेली. पार्टीतल्यांनी विचारलं, कोणाची? तोंडातून ‘माझी’ निघून गेलं. पुढे लोक चाल त्यांच्याच नावाने ओळखायला लागले.
आई कधी काहीच बोलली नाही? मी विचारलं.
“येकदापन न्हाय. बोल्ली असती तर सुटलो असतो.”
मला त्यांचा राग यायला हवा होता. आला. पण काल माइकवरून नाव मीच घेतलं होतं.

१४ जानेवारी
आज आईला त्या चालीबद्दल विचारलं. बांगडे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, “ती येक ग्येली. आनखी अकरा हायत.”